भुऱ्याचं पथ्य

भुऱ्या कुत्रा जेमतेम वर्षाचा, पण मागच्या पायांचे सांधे जन्मतःच अधू आणि पोट सदा बिघडलेलं. डॉक्टरांनी फक्त अळणी भात द्यायला सांगितलं होतं. संजना सिन्नरच्या कंपनीतून पंचवटीतल्या घरी आली की त्याला उचलून जिना उतरवायची. ती कामावर असताना तिच्या बापाला, सहादूला, भुऱ्याचं भाताकडे पाठ फिरवून बसणं बघवेना. तो गुपचूप सुका बोंबील भरवायचा. एका सकाळी भुऱ्याला रक्ताचे जुलाब सुरू झाले. फरशी पुसताना संजना रडत म्हणाली, “बाबा, माझ्याच हातून भात कच्चा राहिला असेल.” सहादूला मान वर करवेना. “भात नाय पोरी. मीच बोंबील देत होतो.” “चला, हे डॉक्टरांना तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. भुऱ्या वाचला. पण संजना कामावर जाताना बोंबील ठेवलेल्या फडताळाला कुलूप लावू लागली.