भर उन्हात

ह्यांचे रक्ताचे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "लिव्हरवर चरबी आहे, ड जीवनसत्त्वही कमी. रोज उन्हात चाला." हे मात्र घरात दडून बसले. तरुणपणी ह्यांनीच गावातला दारूचा गुत्ता बंद पाडला होता. आता लिव्हरचं दुखणं ऐकून गाव काय म्हणेल?

"अहो, न पिताही होतं," मी सांगून थकले. शेवटी भिकोबांना बोलावलं. त्यांची दारू ह्यांनीच सोडवली होती.

"अप्पा, मी गटारात लोळताना गावानं पाहिलंय. तरी बाजारात जातोच ना? तुम्ही तर नुसता शिरा खाल्लाय. उठा!"

हे हसले, निघाले. शेजारच्या ओट्यावरून प्रश्न आलाच, "अप्पा, भर उन्हात कुठं?"

ह्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "लिव्हर बिघडलंय. फिरायला."