फक्त पाटी

कंपनीला सरकारी संशोधनाचं कंत्राट मिळालं होतं. त्यातलं थोडं काम एखाद्या बाईच्या छोट्या उद्योगाला द्यायचं, अशी अट होती. म्हणून पर्चेस मॅनेजर देशमाने सणसवाडीच्या कंपनीतून थेट शिरूरला, सुवर्णाताईंच्या वर्कशॉपवर आले.

"ताई, काम आमचं आम्हीच करू. तपासणीच्या दिवसापुरती फक्त तुमची पाटी द्या, आमच्या मागच्या शेडवर लावू. तुम्ही पाटीखाली उभं राहायचं आणि हसायचं."

"आन् काम?"

"पुढच्या कंत्राटात बघू ना!"

सुवर्णाताई "बरं" म्हणाल्या. देशमान्यांना तो होकार वाटला.

तपासणीच्या सकाळी कंपनीत टेम्पो आला. पाटी उतरली. तिच्यामागून ड्रिल मशीन उतरलं, वेल्डिंगचा सेट उतरला, आणि ॲप्रन घातलेल्या चार बाया उतरल्या.

"अहो ताई, फक्त पाटी म्हटलं होतं!"

"व्हय की. पन पाटी हाय तिथं दुकान नको व्हय, साहेब? लोक काय म्हनतील?"

तेवढ्यात तपासणीचे अधिकारी शेडपाशी येऊन ठेपले. ताईंनी पदर सावरला आणि त्यांच्या हातात नारळ ठेवला.

"साहेब, तुमच्याच हातनं फुटू द्या. आमचं काम आजपास्नं हितंच सुरू. कामाचं ड्रॉइंग तेवढं देशमाने साहेब तुमच्यासमोर देनार हायत."

नारळ फुटला, टाळ्या झाल्या, फोटोवाला पुढं सरसावला.

पाटीखाली उभं राहून हसायचं काम मात्र देशमान्यांकडं आलं.