तक्त्यावरची शेवटची ओळ

भिवाच्या डोळ्याचा फोटो मॉनिटरवर उमटला आणि डोळे तपासणाऱ्या वैभवीने ‘फिट’चा शिक्का खाली ठेवला.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जिकडेतिकडे रक्ताचे ठिपके होते. मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं तोंड सुजलेलं. दुसऱ्या डोळ्यातही तेच. तिने त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. वरचा आकडा दोनशे वीस, खालचा एकशे तीस. तिने पुन्हा मोजला. आकडा हलेना.

“डोकं दुखतं का हो तुमचं?”

“दुखता मगे. पॅनॅडॉल घेतंय.” भिवा कुडाळकडचा, पन्नाशीला टेकलेला. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात क्रेन चालवायचा. “महिनोभर जरा धुरकट दिसता. पण मॅडम, अनफिट लिवू नकात. माका घराक धाडतले.”

धुरकट? दहा मिनिटांपूर्वी याच माणसाने समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ, ती मुंगीएवढी अक्षरं, धडाधड वाचली होती. वैभवीने तक्त्याकडे पाहिलं. चार वर्षं तोच तक्ता, त्याच भिंतीवर. दरवर्षी त्याच कंपनीची बस. आणि आपल्या डोक्यात एकदाही प्रकाश पडू नये! तिला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात सुपरवायझर नागेश दार उघडून उंबऱ्यातच उभा राहिला. हातात सगळ्यांच्या ओळखपत्रांचा गठ्ठा, वर रबरबँड. मागे बाकावर तपासून झालेले बाकीचे अकरा जण बसले होते.

“यल्ला मॅडम, चला लवकर, बस उभी आहे.”

“याचं कार्ड द्या. मी अँब्युलन्स बोलावते.”

“डोळ्यासाठी अँब्युलन्स?”

“डोळ्यासाठी नाही. ब्लड प्रेशर इतकं चढलंय की ते डोळ्यात दिसतंय. आज डोळ्यात रक्त उतरलंय, उद्या मेंदूत उतरेल.”

नागेशने गठ्ठा काखेत दाबला. “बीपी बघायला कोणी सांगितलं तुम्हाला? फॉर्मवर फक्त नजर आहे. शेवटची ओळ वाचली ना त्याने? फिट मारा, खलास. शुक्रवारी सुट्टीला दाखवू कुठेतरी, इन्शाल्ला.”

वैभवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस उद्या सकाळी क्रेनवर चढणार. खाली याच्याच खोलीत राहणारी माणसं लोखंड बांधत उभी असणार. आणि यांना बसची घाई! माणूस मेला तरी चालेल, फॉर्मवरचा चौकोन भरला पाहिजे.

ती उठली आणि तिने तक्त्यामागचा दिवा बंद केला. खोलीला खिडकी नव्हती, आणि फोटोसाठी वरचा दिवा आधीच बंद होता. तक्ता काळा ठिक्कर पडला.

“भिवा, शेवटची ओळ वाचा बघू.”

भिवाने एकदा नागेशकडे पाहिलं. मग अनफिटच्या धास्तीने ताठ बसला, एका डोळ्यावर तळहात धरला आणि अंधाराकडे बघत वाचायला लागला.

“एफ... झेड... बी... डी...”

अडखळला. ओठ नुसतेच हलले.

“ई, भिवाभाई, ई!” बाहेरच्या बाकावरून कोणीतरी काळजीने सांगितलं.

“फिर टी!” दुसरा म्हणाला.

कोणी हसलं नाही. भिवाने डोळ्यावरचा हात हळूच खाली घेतला. नागेशने काखेतला गठ्ठा काढला आणि भिवाचं कार्ड शोधण्यासाठी रबरबँडला हात घातला.

“रबर काढू नका,” वैभवीने हात पुढे केला. “अख्खा गठ्ठा द्या.”