दाराशी उभा कप्तान

"आज कप्तानाला मारतोच," ओत्तोरीनो बार्सांती म्हणाले. "तीस प्रकरणं झाली. पुरू या मेल्याला चंद्रावर."

पत्नी एर्सिलियाने टाक शाईत बुडवला. "अहो, आधी चित्र तर ऐका."

ओत्तोरीनोंची कप्तानाची कथा तोरीनो शहरातल्या एका साप्ताहिकात क्रमशः येई, आणि त्याची रीतच तशी होती. प्रथम चित्र यायचे, मग त्याबरहुकूम कथा. ओत्तोरीनोंची दृष्टी जाऊन चार वर्षे लोटली होती. एर्सिलिया चित्राचे वर्णन करी, ते प्रकरण सांगत, ती उतरवून घेई.

"विमान अंगणात उतरलंय. कप्तान दाराशी उभा आहे, केस पिकलेत. खिडकीत निळी किटली, कान तुटलेली."

ओत्तोरीनो गोंधळले. "ही तर आपली किटली! मागे लंगडी खुर्ची, त्याआधी माझ्या आईचं घड्याळ. हा चित्रकार आपल्या घरात शिरला कधी?"

"मला काय विचारता? आटपा, ताटातला मक्याचा पोलेंता गार होतोय."

त्यांनी कागद चाचपला. "इतका पातळ?"

"प्रकाशक चिकट झालाय."

ते अधिकच बुचकळ्यात पडले. हा कप्तान त्यांना उगाच कुणाची तरी आठवण करून देई. त्या घरात मुलाचे, लिव्हियोचे नाव निघत नसे. सहा वर्षांपूर्वी, रविवारच्या जेवणात, पाहुण्यांदेखत, "बाबांची चंद्रयानं म्हणजे निव्वळ थापा," असे म्हणून तो आर्जेंटिनाला निघून गेला. त्याच्या पत्रातले अक्षरही आपल्या कानी पडू नये, अशी शपथ पित्याने घेतली होती. ती मोडावी कशी, हे पुढे त्यांनाच उमगेना.

"काय करतोय तो?"

"टोपी हातात घेऊन उभा आहे. दार वाजवायचा धीर होत नाहीये."

"आणि आत कोण आहे?"

"चित्रात दार बंद आहे. आतलं तुम्ही सांगायचं."



"आत म्हातारा आहे," ओत्तोरीनो म्हणाले. "लिही, म्हाताऱ्याने दार उघडले."

"नक्की ना? मागाहून फिरवाल."

"लिहून दिलेला शब्द बार्सांतीनं कधी फिरवलाय? लिही गं!"

एर्सिलियाने शाई टिपली. ती उठली आणि तिने दाराच्या कडीवर हात ठेवला. प्रकाशकाने चित्रे पाठवणे ईस्टरलाच बंद केले होते; तेव्हापासून ती स्वतःच चित्रे रचून सांगत होती. तिच्या हातातल्या पातळ कागदावर लिव्हियोचे अक्षर होते: "आई, किटलीचा कान अजून तुटकाच आहे का? गुरुवारी दाराशी येऊन उभा राहीन, वाजवणार नाही."

आज गुरुवार होता.