मिनीबसमधली जागा

"सर, गोलकीपर कुठाय?" मैदानात उतरताना कर्णधार इंद्रजितने विचारले.

मुख्य प्रशिक्षकांनी सहप्रशिक्षकांकडे पाहिले, सहप्रशिक्षकांनी व्यवस्थापकांकडे. महाविद्यालयाच्या मिनीबसमध्ये प्रशिक्षकवर्ग आधी बसला होता. जागा संपल्यावर गोलकीपरला "एसटीने ये" म्हणून उतरवले होते आणि ती एसटी अजून वाटेतच होती.

शेवटी एक बचावपटू गोलमध्ये उभा राहिला. उपांत्य सामना पाच गोलांनी हातचा गेला. इंद्रजितची महाविद्यालयातली ही शेवटची स्पर्धा होती. बुटांच्या नाड्याही न सोडता तो बसून राहिला.

मुख्य प्रशिक्षकांनी त्याच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "आमची बैठक झाली, पोरा. उणीव सापडली. पुढच्या वर्षी गोलकीपिंगला स्वतंत्र प्रशिक्षक नेमतोय."

"आणि तो बसणार कुठं, सर?"

"तुझी जागा रिकामी होतेय की!"