निम्मे ढग

"धारेवर यंत्र बसवू देणार की नाही ते सांगा ना, आके!"

सायकालनं नकाशा चहाच्या वाट्यांवरच पसरला. एक वाटी कलंडली. तिचं लक्षच नव्हतं.

असानकुल-आके दाढी कुरवाळत बसले. खोऱ्यातलं शेवटचं घर त्यांचं, वरची डोंगराची धार त्यांच्या मेंढ्यांच्या चराईची. दुसरी धार चालणारच नव्हती, ढग इथूनच वर चढतात. पहिल्या बर्फाला तीन आठवडे उरलेले. आके नाही म्हणाले तर सायकालची प्रयोगाच्या तयारीतली दोन वर्षं पाण्यात.

"परत सांग. ढग आला. मग?"

"मग यंत्रात चांदीचं मीठ जळणार. त्याचा धूर ढगात जाणार. ढगातलं पाणी त्या कणांना धरून गोठणार, बर्फ जास्त पडणार. उन्हाळ्यात तो वितळला की तुमच्या ओढ्याला पाणी जास्त! बहुतेक."

"बहुतेक?"

"तेच तर शोधायचंय!"

ड्रायव्हर तिलेकनं तोंडात तळलेला बोरसोक कोंबला. "हिला लग्नाची तारीख विचारा, आके. तिथंही बहुतेकच म्हणेल."

आके खदखदून हसले. "बसव मग. येईल त्या ढगाला धूर दे."

झालं होतं काम. सायकाल गप्प बसली असती तर झालंच होतं.

"येईल त्याला नाही," ती म्हणाली. "निम्म्यांनाच. बाकीच्यांना नुसती ज्योत, मीठ नाही. कुणाला काय, ती यादी शहरात बंद पाकिटात; इथं येणाऱ्या नळकांड्या दिसायला सारख्याच. मलाही कळणार नाही. नाहीतर फरक आपल्या मिठानं पडला की आपोआप, हे कसं ओळखायचं?"

आकेंनी वाटी खाली ठेवली.

"कितीही घाईत असलेला माणूस आपल्या दारातून नान चाखल्याशिवाय जात नाही. आणि तू ढग तसाच पाठवणार? निम्मे?"

"हो, आके."

आके उठले, बाहेर गेले.

"झालं वाटोळं," तिलेक पुटपुटला. "काय गरज होती सांगायची?"

"ए, इकडे या दोघं!" बाहेरून हाक आली.

धारेवर एक ढग टेकला होता. लहानसा, मळकट.

"यंत्र बसव," आके म्हणाले. "पण ढग आला की त्याला बाता, आपला आशीर्वाद, मी देणार. माझे वडील द्यायचे."

तिलेकला हसू आवरेना. "आके, तुमच्या आशीर्वादानंच बर्फ जास्त पडला तर? हिचा प्रयोग बोंबलला!"

सायकालनं खरंच विचार केला. मग टुणकन उडीच मारली. "नाही बोंबलत! फक्त एकही ढग चुकवायचा नाही, आके. सगळ्यांना सारखी बाता. एक जरी सुटला तरी सगळं फुकट!"

"सुटला?" आके भडकले. "निम्मे-निम्मे तू करतेस, पोरी. मी नाही."

त्यांनी दोन्ही तळवे आभाळाकडे उघडले. सायकालनंही उघडले.

तिलेकनं घाईघाईनं तेलकट हात विजारीला पुसले.