कागदावरचं बीहड

"खर्च दोन हजार दोनशे." जयसिंहरावांनी कुणाच्या तरी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आकडा टाकला. "आता मिळकत सांग."

"पदवी घेऊन आलो की एकशे साठ महिना," सूर्याजी म्हणाला.

"त्यातले चाळीस कर्जाचे, सराफ्यातल्या शेठला. सात वर्षं! हिसाब सरळ आहे, सूर्याजी. त्यापेक्षा भोपाळची कारकुनी काय वाईट? नव्वद रुपये, पण डोक्यावर कुणाचं देणं नाही."

बापलेक ग्वाल्हेरच्या इंदरगंजातल्या एका कचेरीच्या ओसरीत बसले होते. साल छप्पन्न, ऑक्टोबर संपत आलेला. मध्यभारत मोडून नवा प्रांत व्हायचा होता, आणि ग्वाल्हेरची दप्तरं भोपाळला जायला बांधली जात होती. सूर्याजीनं शेतीची बी.एस्सी. केली होती. आता त्याला डेहराडूनला भूसंरक्षण शिकायचं होतं, म्हणजे पाण्यानं वाहून जाणारी जमीन राखायची विद्या. जयसिंहरावांच्या मते मातीचा बांध घालायला पदवी लागत नाही, फावडं लागतं. तरी त्यांनी एक शब्द दिला होता. बरखेडी गावाची त्यांची जागीर सरकारनं काढून घेतली होती. तिचा मोबदला चोवीसशे आला तर कर्ज काढायला नको, खुशाल जा. नाही आला तर भोपाळ.

आत बोलावणं आलं. मोबदला निघाला आठशे.

"नौ सौ बीघे का गाँव है हमारा!" जयसिंहराव कडाडले.

कचेरीतल्या बाबूनं फाइल त्यांच्याकडे फिरवली. "तीन सौ खेती, छह सौ बीहड़. दस्तख़त आप ही के हैं, साहब. बीस साल से."

सह्या त्यांच्याच होत्या. त्यात लाजण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही. चांगली जमीन कागदावर बीहड दाखवायची, म्हणजे घळींनी खाल्लेली, पडीक, की दरबारचा शेतसारा वाचतो. ही युक्ती ते एकटेच थोडी करत होते! गावचे कारभारी मधुसूदनपंत दर दिवाळीला इमानानं चिठ्ठी धाडत, यंदा बीहड इतकं पुढं आलं. जयसिंहराव तो आकडा उतरवून सही ठोकत. वीस वर्षांत ते स्वतः एकदाही गावी गेले नव्हते. शहरातला महाराजबाडा सोडून त्या धुळीत जातो कोण?

"घ्या! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती," ते पुटपुटले.

बाबू भला माणूस होता. म्हणाला, "आठ दिन में नाप का नक़्शा लगा दीजिए. खेती साबित हुई तो पूरे चौबीस सौ."

सूर्याजीनं त्याच दिवशी मोजणीची साखळी मागून आणली. छोट्या रेल्वेनं सबलगड, तिथून बैलगाडी. वाटभर तो डेहराडूनबद्दल बोलत राहिला आणि जयसिंहरावांनी त्याला बोलू दिलं.

गावाबाहेर गाडी थांबली. पुढं चाकोरी होती, पण ती एका कड्याशी तुटली होती. खाली दोन पुरुष खोल घळी, त्यांना फुटलेल्या आणखी घळी, थेट नदीपर्यंत. एका सुळक्यावर विहिरीचा नुसता चिरेबंदी कठडा उभा होता, आजूबाजूची माती गेलेली. सूर्याजीनं दोन दिवस साखळी धरली. बीहड भरलं सहाशे दहा बिघे.

"पंत, हे झालं कधी?" जयसिंहरावांनी विचारलं.

"दरसाल कळवत होतो की, सरकार."

"अहो, ते तर सारा वाचवायला लिहायचं ठरलं होतं!"

"पहिल्या वर्षी तसंच लिहिलं," पंत म्हणाले. "दुसऱ्या वर्षापासून खरं होतं."

गावाहून धान्य दरवर्षी कमी येई. पंत खातो, असं घरात सगळे म्हणत. जयसिंहरावही म्हणत.

पंतांनी घरातून उत्तरासकट परत आलेल्या चिठ्ठ्यांचं पुडकं आणलं. वरची चिठ्ठी एकोणीस वर्षांपूर्वीची होती. घळ विहिरीच्या शेतापाशी आली आहे, बांध घातला तर थांबेल, चाळीस रुपये धाडावेत. त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर होतं, जयसिंहरावांच्या ठसठशीत अक्षरात: 'शाबास पंत! बांधाची गोष्ट फारच झकास जमली. कचेरीला पटली. असंच लिहीत जा.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

सूर्याजी साखळी गुंडाळत होता. "शब्द ठरला होता, आबासाहेब," तो म्हणाला. "आठशेच खरे आहेत. मी भोपाळला अर्ज करतो."

जयसिंहरावांनी खिशातून ती हिसाबाची लग्नपत्रिका काढली, फाडली आणि तुकडे घळीत टाकले.

"शेठला सांग, राहतं घर गहाण लिहून देतो. दर महिना चाळीस. देऊ."

"सात वर्षं, आबासाहेब. आणि कशासाठी? ही जमीन आता आपली कुठंय?"

जयसिंहराव विहिरीच्या कठड्याकडे बघत होते.

"आपली होती तेव्हा मी काय दिवे लावले?"